मागील तारखेचा कर



गोदाकाठच्या या पटांगणावर कायदेपंडित येतात, अर्थशास्त्रज्ञ येतात. आम्ही कामगार चळवळीतले. जो काही कायदा शिकलो, तो गेटसभांत आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, कारण त्यात आमचेही एक दुखणे आहे. ते शेवटी सांगू.

काल झालेल्या व्यवहारावर आज कायदा करून कर बसविणे, याला पूर्वलक्षी कर म्हणतात. उदाहरण विडीधंद्याचेच घ्या. सिन्नरला घरोघर विड्या वळल्या जात, हे आपण जाणताच. त्यातल्या तंबाखूवर केंद्राचे उत्पादनशुल्क असे. १९५१ साली एप्रिलअखेर मंजूर झालेल्या वित्त कायद्याने ते वाढविले, आणि तेही १ मार्चपासून! मधल्या काळात कमी दराने शुल्क भरून माल बाहेर पडलेला होता. छोटाभाई जेठाभाई पटेल ही पेढी न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे की, हे शुल्क अखेर गिऱ्हाइकाने सोसायचे असते. विकून गेलेल्या मालाचे जादा पैसे आता मागायचे कोणाकडे? दहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मागील तारखेपासून कर लावण्याचा संसदेला अधिकार आहे. भार पुढे ढकलता आला नाही, एवढ्याने कर अवैध ठरत नाही.

आपल्या घटनेचे विसावे कलम मागील तारखेने गुन्हा ठरवू देत नाही. कराबाबत ते बोलत नाही. अमेरिकेच्या घटनेतील अशाच मनाईचा अर्थ तेथील न्यायालयाने १७९८ सालीच फौजदारी कायद्यापुरता लावला. उलट स्वीडनच्या घटनेत पूर्वलक्षी कराला, थोडे अपवाद सोडून, मनाई आहे. ग्रीसची घटना फार तर आधल्या आर्थिक वर्षापर्यंत मागे जाऊ देते.

आपल्याकडे सर्वांत गाजले ते व्होडाफोन प्रकरण. २००७ साली हचिसनचा येथील टेलिफोनचा धंदा त्या कंपनीने परदेशातल्या परदेशात विकत घेतला. आयकर खात्याने कर मागितला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली खात्याची बाजू घेतली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची घेतली. त्याच वर्षी सरकारने कायदाच बदलला, तो १९६२ पासून. पन्नास वर्षे मागे! २०२० साली हेगच्या लवादाने निकाल भारताविरुद्ध दिला, आणि २०२१ साली संसदेने ती मागणी मागे घेतली.

आमचा पहिला कौल सरकारला होता. कामगाराचा कर पगार हातात पडण्यापूर्वीच कापला जातो. मग अब्जावधींचा सौदा कोरडा का सुटावा? ही चीड खोटी नव्हे. पण पळवाट दिसली, तर ती आजपासून बुजवावी.

आता आमचे दुखणे. बोनस कायद्याची पगारमर्यादा दहा हजारांवरून एकवीस हजार झाली. कायदा जाहीर झाला १ जानेवारी २०१६ रोजी, लागू मात्र १ एप्रिल २०१४ पासून. आम्ही गेटवर पेढे वाटले. सातपूरच्या एका लहान कारखान्याचे मालक आम्हांला म्हणाले, "भाऊ, त्या वर्षाच्या वह्या मिटल्या, माल विकला. आता जुन्या गिऱ्हाइकाकडे काय मागू?" आम्ही म्हणालो, "कायदा तो कायदा." पुढे तंबाखूचा खटला वाचला, तेव्हा ध्यानात आले की हे तर त्या पेढीचेच गाऱ्हाणे होते, आणि आम्ही त्यावर न्यायालयाचेच उत्तर दिले होते.

कामगाराचा हक्क खरा होता; त्याचे श्रम आधीच देऊन झाले होते. मर्यादाही बरीच वर्षे हलली नव्हती. पण त्या मालकाला आगाऊ सूचना नव्हती, हेही तितकेच खरे. अखेर आम्ही हप्ते बांधून दिले. पैसे बुडाले नाहीत, कारखानाही चालू राहिला.

म्हणून आमच्या तीन कसोट्या आहेत. कायदा मागे न्यायचाच, तर बदलाची सूचना आधी उघड दिलेली असावी. मागे जाण्याला सीमा असावी; ग्रीससारखी एका वर्षाची पुरे. आणि थकबाकी दंडाविना, हप्त्याने घ्यावी. या कसोट्या सरकारला लावायच्या, तशाच आमच्या फायद्याच्या कायद्यालाही लावायच्या. तेवढे धैर्य नसेल, तर न्यायाचे नाव आम्ही घेऊ नये.