एरियलचे तोंड कोणीकडे?



इंदुरातल्या जुन्या घरांच्या गच्च्यांवर अद्यापही कोठे कोठे एक गंजकी नळी आणि तिला आडव्या बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या कांड्या दिसतात. त्यांवर आता कबुतरे बसतात आणि संक्रांतीला पतंग अडकतात. एके काळी वारा सुटला की घरातला एक जण गच्चीवर चढे, दुसरा खिडकीत उभा राही, आणि "आलं का?" "आलं होतं, गेलं!" हा संवाद साऱ्या आळीला ऐकू जाई. चित्र नीट येईना तर दोष बहुधा दूरचित्रवाणीच्या पेटीला दिला जाई. पेटी बिचारी निर्दोष असे. चुकलेले असे ते एरियलचे तोंड.

ही कांड्यांची रचना उदा आणि यागी या जपानी संशोधकांनी १९२६ च्या सुमारास जगापुढे मांडली. तीत तार जोडलेली कांडी एकच असते. मागची कांडी लहरी परतवते, पुढच्या कांड्या त्यांना वाट दाखवतात. कांडीची लांबी लहरीच्या सुमारे निम्मी हवी. २०० मेगाहर्ट्झची लहर दीड मीटरची, म्हणून कांडी पाऊण मीटरहून किंचित आखूड. कांड्या जितक्या अधिक, तितकी एरियलची नजर लांबची, पण तितकीच अरुंद. शेजाऱ्याच्या पाच कांड्यांवर कुरघोडी करण्यासाठी बारा कांड्यांचे एरियल आणून ते अंदाजाने उभे करणाऱ्यांच्या पदरी निराशा येई, ती यामुळेच.

जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणात एक सोय होती: दोष कोठे आहे ते चित्रच सांगे. पडद्यावर बारीक हिमकण दिसले, तर लहरी क्षीण आहेत असे समजावे. एरियल उंच न्यावे. माणसाच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली उमटली, तर लहर एखाद्या इमारतीवर आपटून दुसऱ्या वाटेने उशिरा येत आहे. हा उशीर मोजताही येई. चित्राची एक ओळ सुमारे ५२ मायक्रोसेकंदांत रेखली जाते, आणि एका मायक्रोसेकंदात लहर ३०० मीटर जाते. चाळीस सेंटिमीटर रुंद पडद्यावर सावली पाऊण सेंटिमीटर सरकलेली असली, तर लहरीने सुमारे ३०० मीटरचा वळसा घेतला आहे. मग गच्चीवरून त्या बेताने अपराधी इमारत शोधावी आणि ती एरियलच्या आंधळ्या बाजूस येईल असे ते किंचित फिरवावे. मुख्य लहर थोडी कमी झाली तरी सावली जाते, आणि हा सौदा फायद्याचा ठरतो.

मराठी घरांची हौस मात्र याहून मोठी होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि एरियल नैर्ऋत्येकडे फिरवून ते इंदुरात आणावे असे कित्येकांना वाटे. मुंबई येथून सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच असला, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे नऊ मीटर उंचीच्या एरियलास त्याची लहर फार तर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरांवर मिळावी. शिवाय मध्ये सातपुडा आणि सह्याद्री. हवेच्या लहरीपणाने एखाद्या रात्री दूरचे चित्र क्षणभर उमटते, हे खरे. पण त्या भरवशावर नाटक पाहता येत नाही.

पुढे काळ पालटला. फेब्रुवारी २०१६ मध्ये अंकीय भूप्रक्षेपण ज्या सोळा शहरांत सुरू झाले, त्यांत इंदूर होते. आणि जुन्या पद्धतीची बहुतेक क्षेपककेंद्रे २०२२ पर्यंत बंद झाली. अंकीय चित्र सावली दाखवत नाही. ते स्वच्छ येते, किंवा चौकोन-चौकोन होऊन थिजते, किंवा मुळीच येत नाही. तेथे डोळ्यांवर विसंबू नये; पेटीच्या यादीतली सिग्नलची पट्टी पाहावी.

मुंबईचे मराठी कार्यक्रम इंदुरात विनामूल्य मिळतात ते आता दूरदर्शनच्या फ्री डिशवर. तो उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेस आहे. म्हणजे मुंबई नैर्ऋत्येस असली, तरी थाळी आग्नेयेकडे करावी लागते! दक्षिणेपासून पूर्वेकडे सुमारे ४० अंश वळावे आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर पाहावे. थाळी बहुधा उभट दिसते, पण तिची नजर दिसण्याहून बरीच वर असते. म्हणून कोन थाळीच्या कण्यावरील खुणांनीच मोजावा. दोनतीन अंशांची चूकही येथे पुरते. समोर आंब्याचा डेरेदार शेंडा असेल तर जागा बदलावी. ओली पाने या लहरी शोषतात.

जोडाकडे फार कोणी लक्ष देत नाही. पावसाचे पाणी केबलच्या टोकातून आत शिरते आणि तांबे काळे पडते. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तेथून गळून जाते.

आणि ती गंजकी नळी? पेटीशी तिचा संबंध उरला नसेल, तर मृगाच्या गडगडाटापूर्वी उतरवावी. उंच लोखंड गच्चीवर ठेवणे म्हणजे विजेला वाट दाखवणे आहे. उतरवताना दोन माणसे असावीत, आणि नळी कलली तरी विजेच्या तारांपर्यंत पोहोचणार नाही, हे आधी पाहून घ्यावे.