प्रसूतीनंतरचे अबोल दुखणे
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आजचा विषय संकोचाचा आहे. तरीही केवळ महिलांच्या बैठकीत न मांडता तो सर्व कुटुंबांच्या या सभेपुढे ठेवण्याची अनुज्ञा मी मागून घेतली. कारण हे दुखणे आपल्या मौनावरच वाढते.

हेमलकशाचे नाव आपणांस परिचित आहे. भामरागडच्या अरण्यात, माडिया गोंडांच्या वस्तीत, बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प उभा केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथील रुग्णसेवेस आयुष्य वाहिले. दवाखाना दाराशी आला, तरी कोणते दुखणे त्याच्या पायरीपर्यंत पोहोचते आणि कोणते घरातच राहते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर त्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी शोधले. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या, १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभरांपैकी ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पूर्वी तपासणी झालेल्या मात्र अवघ्या ८ होत्या!

हे रानातले अज्ञान, असे म्हणून आपण सुटू नये. आपल्या घरी बाळंतिणीला शेकशेगडी होते, डिंका-अळिवाचे लाडू होतात. पण खोकताना लघवी सुटते का, अंग बाहेर आल्यासारखे वाटते का, हे तिला कोण विचारते?

गर्भाशय व मूत्राशय यांना खालून आधार देणारे स्नायू झोळीसारखे असतात. प्रसूतीत ते ताणले जातात, क्वचित फाटतातही. त्यांना पुन्हा बळ आणता येते. अमेरिकेतील डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली यासाठी व्यायाम सांगितला. लघवी व वायू रोखताना आपण जे स्नायू आवळतो, तेच वर ओढून धरावे, सुमारे ५ सेकंदांनी सोडावे आणि तितकाच विसावा घ्यावा. असे ८ ते १० वेळा, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने करावे. श्वास रोखू नये. मांड्या आवळू नयेत. लघवी करताना ती मध्येच थांबवण्याची सवय लावू नये. टाके असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे. जड हंडे उचलणे आणि बद्धकोष्ठ टाळावे.

व्यायाम हा सर्वांवर उतारा नव्हे. अंग अधिक खाली आले असेल, तर आधाराची कडी बसवता येते, शस्त्रक्रियाही करता येते. गोव्यात जन्मलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी तर गर्भाशय न काढता ते वर बांधण्याची शस्त्रक्रिया योजली.

सासूबाईंनो, सुनेला पहिला प्रश्न आपणच विचारा. बंधूंनो, तिच्या हातचा हंडा आपण घ्या आणि दवाखान्यात तिच्यासोबत जा. मातृत्वाचा गौरव आपण व्यासपीठावरून नित्य करतो. मातेच्या वेदनेला घरात शब्द मिळाला, तरच तो गौरव खरा.