दूरचित्रवाणीवरील चित्रपट आणि पूर्ण चौकटीचे महत्त्व

(गोंदिया जिल्ह्यातील शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीनंतर गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक रंगते. रंगमंचाच्या एका टोकाला एक पात्र बोलत असते, दुसऱ्या टोकाला दुसरे ते मुकाट्याने ऐकत असते. प्रेक्षकाला दोघेही एकाच वेळी दिसतात आणि त्यातूनच प्रसंगाला रंग चढतो. रंगमंचाच्या दोन्ही बाजू झाकून केवळ मधला भाग दाखविला, तर प्रेक्षक ते क्षणभरही चालू देणार नाहीत. दूरचित्रवाणीवर चित्रपट दाखविताना मात्र नेमके हेच अनेकदा घडते आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दोन चौकटींची कथा

आरंभीच्या काळात चित्रपटाचा पडदा फारसा रुंद नव्हता. चित्राची रुंदी व उंची यांचे प्रमाण ४ : ३ च्या जवळपास असे. प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' अशाच चौकटीतील आहे. दूरचित्रवाणीने पुढे हेच प्रमाण स्वीकारले. अमेरिकेत घरोघरी दूरचित्रवाणी संच आले, चित्रपटगृहे ओस पडू लागली, तेव्हा घरच्या संचावर मिळणार नाही असे भव्य दृश्य देण्यासाठी चित्रपटसृष्टीने पडदा रुंद केला. फ्रान्समधील आंरी क्रेत्याँ यांच्या भिंगाच्या तत्त्वावर आधारलेली सिनेमास्कोप पद्धती १९५३ साली 'द रोब' या चित्रपटाने लोकांपुढे आणली. चित्रण करताना भिंग दृश्य आडवे आवळून फितीवर बसविते आणि प्रक्षेपण करताना दुसरे भिंग ते पुन्हा पसरविते. या पद्धतीत चित्राची रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट असणे पुढे रूढ झाले.

भारतात या पद्धतीचा पहिला चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा 'कागज के फूल'. तो १९५९ साली प्रदर्शित झाला. त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रारंभ झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि शनिवारचा मराठी व रविवारचा हिंदी चित्रपट ही सहकुटुंब पाहण्याची गोष्ट झाली. चित्रपट रुंद झाला होता, घरातील काच मात्र ४ : ३ च राहिली होती.

काय गमावले जाते ?

२.३५ पट रुंदीचे चित्र ४ : ३ च्या पडद्यावर काठोकाठ भरावयाचे, तर रुंदीच्या दर १०० भागांपैकी ४३ भाग कापावे लागतात. उरलेला भाग कोणता दाखवावा, याचा निर्णय दिग्दर्शकाऐवजी फितीची प्रत तयार करणारा तंत्रज्ञ घेतो. दोन पात्रे दोन टोकांना असली, की चौकट एकीकडून दुसरीकडे सरकवावी लागते आणि मूळ चित्रणात नसलेली हालचाल चित्रपटात शिरते. 'कागज के फूल'मध्ये छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी रिकाम्या स्टुडिओत उतरणारा प्रकाशझोत आणि त्या पोकळीत एकमेकांपासून दूर उभी असलेली दोन माणसे दाखविली आहेत. त्यांच्यातील अंतर हाच त्या दृश्याचा आशय आहे. कडा कापल्या, की माणसे राहतात, अंतर नाहीसे होते.

आजचे संच १६ : ९ या प्रमाणाचे आहेत. त्यामुळे हानी कमी झाली, परंतु संपली नाही. सिनेमास्कोप चित्र या संचावर काठोकाठ भरले, तर रुंदीचा जवळजवळ चौथा हिस्सा अजूनही जातो. जुन्या चित्रपटांबाबत आता उलटाच प्रकार घडतो. 'संत तुकाराम' या संचावर ताणून बसविला, तर विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा उगीचच आडवे दिसतात. फुगवून बसविला, तर उंचीचा सुमारे चौथा हिस्सा कापला जातो. फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या माहितीपटांचीही हीच गत होते.

काळ्या पट्ट्या हा दोष नव्हे

पूर्ण चित्र दाखविले, की रुंद चित्रपटाच्या वर-खाली आणि जुन्या चित्रपटाच्या डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या राहतात. संच बिघडला अशी समजूत होऊन कोणीतरी बटण दाबते आणि चित्र मोठे करते. वास्तविक त्या पट्ट्या म्हणजे चित्र अखंड असल्याची खूण होय.

लहान संचावर चित्र आणखी लहान होते आणि मागच्या रांगेतील मुलांना चेहरे दिसत नाहीत, ही अडचण मात्र खरी आहे. तिच्यावरील उपाय चित्र कापणे हा नव्हे. मुलांना पुढे सरकवून बसविणे, लहान गट करणे, किंवा प्रोजेक्टर असल्यास खोलीत अंधार करून पांढऱ्या भिंतीवर मोठे चित्र पाडणे हा होय. चित्र फुगविल्यास खालची उपशीर्षके कापली जाण्याचाही संभव असतो. ज्या जिल्ह्यात मराठी, हिंदी, झाडीबोली, पोवारी आणि गोंडी बोलणारी मुले एका वर्गात बसतात, तेथे ही हानी लहान नव्हे.

करावयाचे काय ?

कार्यक्रमापूर्वी पाच मिनिटे चित्र तपासावे. श्रेयनामावलीतील अक्षरे कडेला तुटत असतील, तर चित्र कापले जात आहे. बैलगाडीचे चाक किंवा थाळी लांबट दिसत असेल, तर ते ताणले जात आहे. अशा वेळी रिमोटवरून चित्राच्या आकाराची सूची उघडावी आणि 'झूम' व 'स्ट्रेच' टाळून 'ओरिजिनल' किंवा 'ऑटो' निवडावे. काही नव्या संचांत 'फिल्ममेकर मोड' ही सोय असते; २०१९ साली घोषित झालेल्या या पद्धतीत चित्राचे मूळ प्रमाण राखले जाते. चित्र मुळातच कापून प्रसारित होत असेल, तर संचाचा इलाज चालत नाही; तेथे त्याच चित्रपटाची दुसरी, अखंड प्रत शोधावी.

पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जुन्या चित्रपटांच्या जतनाचे मोठे कार्य केले आहे. 'शोले'ची पुनःसंस्कारित प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे दाखविली गेली, ती ७० मि. मी. पडद्याच्या मूळ २.२ : १ या प्रमाणात. एवढ्या कष्टाने वाचविलेली चौकट शाळेत किंवा पंचायतीच्या सभागृहात एका चुकीच्या बटणाने कापली जाऊ नये. या दक्षतेला अनुदान लागत नाही की मंजुरी. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या एखाद्या मुलाने मोठे चित्रपटगृह पाहिलेले नसेल, तर शाळेतील संच हेच त्याचे चित्रपटगृह. दिग्दर्शकाने जेवढे दाखविले, तेवढे सारे पाहण्याचा त्याचाही अधिकार आहे.