ओल, चुना आणि माती

पावसाळा सरला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घराघरांत रंगकामाची बोलणी सुरू होतात. हौशी घरांत आता त्यासोबत चुन्याची घोटाई आणि मातीचा गिलावा यांचीही चौकशी होते. दोन्ही दिसतात सुरेख. पण निवड शेड कार्ड बघून करू नये. भिंतीत पाणी कुठून येतं, ते पाहून करावी.

हा सगळा मुलूख उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठचा. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हा हजाराच्या आसपास प्रवाशांची बोटींनी सुटका करावी लागली. इथली तळमजल्याची भिंत जमिनीतून ओल ओढते. वरच्या मजल्यांवर ती शेजारच्या मोरीतून नाहीतर डोक्यावरच्या बाथरूममधून झिरपते. म्हणून गवंडी बोलावण्याआधी एक साधी परीक्षा करावी. वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावं. आतल्या बाजूला थेंब साचले, तर पाणी भिंतीतलं. बाहेरच्या बाजूला साचले, तर खोलीतल्या दमट हवेचं. भिंतीतलं असेल, तर आधी प्लंबर. आणि स्लॅबच्या खपल्या पडून गंजलेल्या सळया दिसत असतील, तर सजावटीचा विषयच बाजूला ठेवून स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं.

चुन्याची गंमत त्याच्या घडणीत आहे. चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंशांवर भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे भिंतीवर दगडाचीच पातळ साल चढते, पण सच्छिद्र. ओल वाफ होऊन तिच्यातून बाहेर पडते. ऑइलपेंट तीच वाफ कोंडतो, मग लोणा लागतो, पोपडे सुटतात. कोकण-गोव्यातल्या देवळांवरचं कावी काम या चुन्याचंच. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा रंग उघडा करायचा. धो धो पावसाच्या प्रदेशात ती नक्षी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, हा चुन्याचा सर्वांत मोठा दाखला.

मातीचंही महाराष्ट्रात थोर घराणं आहे. अजिंठ्याची चित्रं मातीच्या गिलाव्यावरच आहेत. त्यात भुसा, गवताचे तंतू मिसळलेले. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचं 2016 मध्ये संशोधक राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी प्रसिद्ध केलं. हे तंतू सुकताना आक्रसणारी माती धरून ठेवतात, तडे आवरतात. मात्र माती चुन्यासारखी दगड होत नाही, पाणी लागलं की विरघळते. तिची जागा झोपायच्या खोलीच्या कोरड्या, आतल्या भिंतीवर. ओट्यामागे किंवा मोरीजवळ मुळीच नाही. झोपायच्या खोलीत ती हवेतला दमटपणा शोषते, हवा कोरडी झाली की सोडते, आणि खरवडली तर पाण्याचा हात फिरवून दुरुस्त होते. शहरी घरात याहून मायाळू भिंत क्वचितच मिळेल.

राहिलं पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. ते छताला ठीक. ओलीच्या भिंतीला नको, कारण ते जिप्सम असतं आणि जिप्सम पाण्यात थोडंथोडं विरघळतं.

जुना ऑइलपेंट किंवा पुट्टी तशीच ठेवून वर चुना किंवा माती लावली, तर ती धरत नाही. खालचा थर खरवडून, छिन्नीने टोचून भिंत खडबडीत करावी लागते. चुन्यात गेरू, पिवडी असे मातीचे रंग टिकतात, आणि ते सुकल्यावर बरेच फिकट दिसतात. म्हणून दारामागे हातभर जागेत आधी नमुना लावून घ्यावा, आठवडाभर सुकू द्यावा आणि मग तळहाताने चोळून पाहावा. भुकटी हाताला लागली, तर गवंड्याला मिश्रण बदलायला सांगावं आणि दुसरा नमुना मागावा.