आपलीच नोट, आपलाच निकाल



विधी महाविद्यालयाच्या कार्यक्रमात फिशपॉन्ड आणि एकांकिकेच्या मध्ये मला उभं केलंय, तेव्हा घाई तुमच्या चेहऱ्यांवर दिसतेच आहे. एकाच माणसाबद्दल बोलतो: सॅमन चेस.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये १८०८ साली जन्मलेला हा वकील ओहायो राज्यात, सिनसिनाटीत वकिली करायचा. नदीपलीकडे केंटकी, तिथे गुलामगिरी कायदेशीर. पळून आलेल्या गुलामांची आणि त्यांना मदत करणाऱ्यांची वकीलपत्रं चेस घ्यायचा. जॉन व्हॅन झँट या शेतकऱ्याचा खटला १८४७ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. हरलेला युक्तिवाद त्यानं छापून वाटला!

पुढे तो सिनेटर झाला, ओहायोचा गव्हर्नर झाला आणि १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकनचा अर्थमंत्री. यादवी युद्धाला पैसा पुरेना. १८६२ च्या कायद्यानं कागदी नोटा आल्या. त्यांच्या बदल्यात सोनं मिळणार नव्हतं, तरी त्या नाकारायची सोय नव्हती. चेसला हे मनापासून पटलेलं नव्हतं, पण त्यानं पाठिंबा दिला. एक डॉलरच्या नोटेवर चित्र कुणाचं? चेसचंच. गृहस्थाला राष्ट्राध्यक्ष व्हायची भारी हौस. १८६४ मध्ये त्यानं लिंकनचीच उमेदवारी हिसकावायचा घाट घातला होता. तरीही त्याच डिसेंबरात लिंकननं त्याला सरन्यायाधीश केलं. दोनच महिन्यांत, चेसच्या न्यायालयात, जॉन रॉक या कृष्णवर्णीय वकिलाला सर्वोच्च न्यायालयाची सनद मिळाली. त्याआधी एकाही कृष्णवर्णीयाला ती मिळाली नव्हती.

मग १८७० मध्ये त्याच नोटांचा वाद चेसपुढे आला: हेपबर्न विरुद्ध ग्रिसवोल्ड. कायद्याआधीचं कर्ज या नोटांनी फेडणं सावकारावर लादता येईल का? चेसनं बहुमताचा निकाल लिहिला: नाही, ते घटनाबाह्य आहे. युद्धाच्या धामधुमीत शांत विचाराला वावच नव्हता, असंही त्यात लिहिलं. लोक हसले असतील, हसू देत. माझ्या मते, मंत्री म्हणून केलेलं काम न्यायाधीश म्हणून तपासायला जिगर लागते. संत मात्र तो नव्हता. सरन्यायाधीशाच्या खुर्चीत बसूनही १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची स्वप्नं बघतच होता.

हेपबर्न निकालाच्या पुढच्याच वर्षी, दोन नवे न्यायाधीश आल्यावर, न्यायालयानं तो पाच विरुद्ध चार मतांनी फिरवला. चेस अल्पमतात गेला, पण मतावर ठाम राहिला.

ही दोन्ही निकालपत्रं शोधून वाचा. परीक्षेला येणार नाहीत, तरी वाचा.