दिवा, झाड आणि ऊस

आपल्या जिल्ह्यातल्या नेवाशात, प्रवरेच्या काठी, ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. गीतेचे श्लोक ७००, तर ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,०००. हा विस्तार बराचसा उपमा-दृष्टान्तांचा आहे. आज त्यातली एकच जागा पाहू.

बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं येतात. भक्ताला शत्रू आणि मित्र सारखेच, हे त्यातलं एक. सांगायला सोपं, पटायला कठीण. ज्ञानेश्वर इथं वाद घालत नाहीत. ते तीन वस्तू पुढं ठेवतात. दिवा घरच्यांना उजेड आणि परक्यांना अंधार देत नाही. झाड लावणाऱ्याला आणि तोडणाऱ्याला सारखीच सावली देतं. ऊस वाढवणाऱ्याला गोड लागतो, म्हणून गाळणाऱ्याला कडू लागत नाही.

एका उपमेयाला अनेक उपमानं आली की मालोपमा होते, हे आपण शाळेत शिकलो. परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळतात. पण माळेतल्या मण्यांचा क्रम पाहा. दिव्याला परक्याकडून काहीच त्रास नाही. झाडावर कुऱ्हाडीचा घाव बसतो. ऊस तर चरकात पुरता पिळून निघतो. दुःख पायरीपायरीनं वाढत जातं, देणं मात्र तेच राहतं. हा क्रम उलटा केला तर ओव्यांतला जीव निघून जाईल.

माझे वडील गुळव्या होते. हंगामात ते गुऱ्हाळावर असत. एका वर्षी बांधावरून शेजाऱ्याशी भांडण झालं, बोलणं तुटलं. त्याच वर्षी त्या शेजाऱ्याचा ऊस गुऱ्हाळावर आला. मला वाटलं, आता अब्बा पाक बिघडवतील. त्यांनी नेहमीसारखीच मळी काढली, काहिलीवरून नजर हटू दिली नाही. गूळ पिवळाधमक उतरला. रात्री मी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘‘भांडण बांधाचं आहे, गुळाचं नाही.’’ वडिलांना वाचता येत नव्हतं. पुढं बी.ए.ला असताना बारावा अध्याय वाचला आणि मी त्या ओळीवर थांबलो. चरक मला पुस्तकात भेटायच्या आधी गुऱ्हाळात भेटला होता.

मात्र प्रत्येक उपमेला एक हद्द असते. उसाला कडू होताच येत नाही, माणसाला येतं. अब्बांना पाक बिघडवणं सहज शक्य होतं. जिथं उपमा थांबते, तिथं माणसाचं काम सुरू होतं. ज्ञानेश्वर ज्याचं वर्णन करतात त्या भक्ताचा तो गोडवा स्वभावच झालेला असतो. आपल्यासारख्यांना तो रोज ठरवून आणावा लागतो.

आज माणसाचं नाव ऐकून उजेड-अंधार वाटण्याची सवय वाढते आहे. मला माझ्या नावामुळं ती चांगलीच ठाऊक आहे. अशा वेळी मी या तीन ओव्या काढतो. त्यांत कुणाचं नाव विचारलेलं नाही. या ओव्या ज्या मराठीत आहेत, तीच माझी मराठी आहे. घरी ज्ञानेश्वरी असेल तर आज बारावा अध्याय उघडा. आणि अलंकाराचं नाव विसरलात तरी चालेल, क्रम तेवढा पाहा.