उन्हाचा शेजार
(रौप्यमहोत्सवी समारंभात व्यक्त केलेलं मनोगत)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिकेला दहा मिनिटं म्हणजे हजेरी घेण्यापुरतीच. तरी प्रयत्न करते.

2000 साली सोसायटी नोंदवली तेव्हा पुण्याच्या या टोकाला 28 प्लॉटपैकी नऊच घरं उभी होती. रस्ता मुरमाचा, पाणी टँकरचं, आणि रिक्षावाला नाक्याच्या पुढे यायला तयार नसे. टँकर आला की पहिली बादली कुणाची यावरून भांडणं व्हायची आणि संध्याकाळी तीच मंडळी एकमेकांकडे विरजण मागायला जायची.

आमचा जोडबंगला. भिंत एक, मालक दोन. दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात काका-काकू. काका वयाने माझ्याहून सात वर्षांनी मोठे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सगळी सोसायटी त्यांना काकाच म्हणायची.

आम्ही घर बांधलं ते ऊन बघून. जिना, न्हाणीघर आणि कोठी पश्चिमेला घेतली, म्हणजे दुपारचा ताप त्यांनी सोसायचा. राहायच्या खोल्या पूर्वेला आणि उत्तरेला. गच्चीवर कोब्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक केलं, त्यामुळे बरंचसं ऊन आल्या वाटेनं परत जातं. पश्चिमेच्या कुंपणाशी कडुनिंब लावला. आणि गच्चीवर शंभर लिटरचा सौर बंब, दक्षिणेकडे तोंड करून. तेव्हा लोक विचारायचे, "बाई, पावसाळ्यात काय करणार?" मी म्हणायची, "पावसाळ्यात गॅस आहे, पण उरलेले आठ महिने सूर्य बिल पाठवत नाही!"

सोलर कुकरची गंमत तर आज चाळिशीला आलेल्या मुलांनाही आठवत असेल. पेटीत काळे डबे ठेवायचे, आरसा सूर्याकडे वळवायचा, दोन-तीन तासांत वरण-भात तयार. शेंगदाणे मात्र कधी पूर्ण भाजले जायचे नाहीत, कारण निम्मे तुम्हीच पळवायचात. मे महिन्याच्या मध्यावर भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ती बघायला सगळी वानरसेना आमच्या गच्चीवर जमायची.

2005-06 च्या भारनियमनात गिझर बंद पडायचे. त्या थंडीत काकूंची लेक बाळंतपणाला आली होती. बाळाच्या अंघोळीला रोज सकाळी आमच्या बंबाच्या दोन बादल्या कठड्यावरून पलीकडे जायच्या. त्यात उपकार काही नव्हते, पाणी उन्हानं तापवलेलं होतं.

आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते.

2008 च्या दिवाळीत काका म्हणाले, "मुलाचं लग्न ठरतंय, वर एक मजला चढवतोय." मजला म्हणजे दहा फूट उंची, तीही आमच्या दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणजे ऐन थंडीत आमच्या बंबावर सावली पडणार. मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. रात्री बसून कार्यकारिणीला दीड पानाची हरकत लिहिली. कार्यकारिणीनं उत्तर दिलं की नकाशा मंजूर आहे, सोसायटीच्या नियमात उन्हाबद्दल काहीच नाही. ते बरोबरच होतं. पण त्या वर्षी आमचं फराळाचं ताट पलीकडे गेलं नाही. त्यांचं आलं. मी ते रिकामंच परत पाठवलं.

22 डिसेंबरला दुपारी काका त्यांच्या गच्चीवर बांबू आणि खडू घेऊन उभे दिसले. मला वाटलं, खांबांच्या खुणा करताहेत. मी आत निघून आले. मार्चमध्ये खोली उभी राहिली, ती आमच्या सामाईक भिंतीपासून दहा फूट मागे. अख्खी एक खोली त्यांनी सोडून दिली होती. मी गवंड्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "काकांनी दहा फुटी काठी उभी करून सावली मोजली. साडेबाराला नऊ फूट भरली. म्हणाले, बाईंचं पाणी गार व्हायला नको."

तीस वर्षं मुलांना काठीची सावली मोजायला मी शिकवली. वेळ आली तेव्हा काठी काकांनी उचलली, मी कागद उचलला.

सकाळी सावली आणखी लांब पडते, म्हणून आम्हीही बंब उत्तरेच्या कठड्याशी सरकवला. ताट पुन्हा सुरू झालं. पण "चुकलं माझं" हे मी काकांना कधीच म्हणाले नाही. गेल्या वर्षी काका गेले. काकू, तुम्ही समोर बसला आहात. आज सगळ्यांच्या देखत म्हणते, चुकलं माझं.

एक विनंती करून थांबते. यंदा अकरा घरांनी छतावर वीज तयार करायला नावं दिली आहेत. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. त्याला साधारण तीनशे चौरस फूट गच्ची लागते आणि सरासरी दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज मिळते. पण सावली नसेल तर! पॅनल बहुधा माळेसारखी जोडलेली असतात, एकावर सावली पडली की सगळ्या माळेचं उत्पादन घटू शकतं. आणि याच वर्षी पाच घरांना वरचा मजला चढवायचा आहे. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. सौर घर एकट्याच्या हिमतीवर होत नाही, त्याचं निम्मं ऊन शेजाऱ्याच्या हातात असतं.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत ठराव करू या: मजला चढवण्याआधी डिसेंबरात दोन्ही शेजाऱ्यांनी गच्चीवर मिळून काठी उभी करायची, आणि मगच नकाशा काढायचा. आणि सचिव, माझं ते दीड पान अजून दप्तरात असेल, तर ते फाडू नका. त्याला हा ठराव जोडून ठेवा.